द्राक्षगावचं दगडी डोकं

“डोकं गेलं! बाबा, डोकं गेलं!”

मैना ओरडतच कारखान्यातून बाहेर आली आणि अंगणातले सगळे कप होते तिथेच थांबले. हैबतरावांचा चहा बशीत सांडला. शेजारच्या खुर्चीत अवघडून बसलेल्या हूबरसाहेबांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मैनेचा चेहरा बघून तेही उठून उभे राहिले.

“कुणाचं डोकं? नीट बोल की!” हैबतराव ओरडले.

“साहेबांचं! म्हणजे त्यांनी आणलेलं! दगडाचं! नाय ते तिथं!”

आता एवढ्यावरून तुम्हांला काय डोंबल कळणार! तेव्हा दोन दिवस मागे जाऊ या. दोनच, जास्त नाही.

हे सगळं घडलं पेणजवळच्या हमरापूरला, १९८४ सालच्या मे महिन्यात. हैबतरावांचा गणपतींचा कारखाना होता. सुट्टी लागली की त्यांची मुलं, तेरा वर्षांचा सखा आणि अकरा वर्षांची मैना, दिवसभर तिथेच पडीक असायची. त्यांच्याबरोबर असायची सोनी. सोनीचा बाप बुधा कातकरवाडीतून रोज कामाला यायचा, माती मळायचा, साचे भरायचा. सोनी बोलायची कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

आणि परवा या तिघांत चौथी आली, बिर्गिट! तिचे वडील, म्हणजे हूबरसाहेब, रोह्याच्या एका कंपनीत यंत्रं बसवायला जर्मनीहून आले होते. दोन वर्षं कंपनीच्या बंगल्यात राहून बिर्गिट मराठी शिकली, तीही स्वयंपाकाच्या गोदूबाईंकडून. त्यामुळे ही सोनेरी केसांची पोर जीपमधून उतरली आणि म्हणाली, “काय गरम हाय गो!” तेव्हा मैना हसून हसून गडबडा लोळायचीच बाकी होती.

साहेबांनी स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. दगडाचं डोकं! नारळापेक्षा थोडं मोठं. बटबटीत डोळे, मिटलेले ओठ, नाक तुटून गेलेलं आणि दोन्ही बाजूंना दोन मोठाली पानं.

“हे आमच्या गावचं,” बिर्गिट म्हणाली.

तिच्या गावाचं नाव तिने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते कुणालाच म्हणता आलं नाही. शेवटी मैनेने त्याचं ‘द्राक्षगाव’ करून टाकलं. साठ घरं, खाली नदी आणि नदीकाठी उभा चढ. त्या चढावर सगळीकडे द्राक्षांचे वेल.

“डोंगरावर द्राक्षं? मग तोडताना माणसं घरंगळत नाहीत?” सख्याने विचारलं.

“माझे आजोबा दोनदा घरंगळले! एकदा टोपलीसकट!” बिर्गिट म्हणाली. “त्या द्राक्षांची वाइन करतात. आणि एकदा आजोबा वेलाला खांब पुरत होते, तर पहार ठण्ण वाजली. खाली हे डोकं! अडीच हजार वर्षं जुनं हाय.”

“अडीच हजार!” मैनेने चटकन हात मागे घेतला.

“तेव्हा तिथं केल्ट नावाचे लोक राहायचे. डोंगराच्या माथ्यावर त्यांचा मातीचा कोट अजून दिसतो. हे त्यांनीच घडवलं. कुणाचं, ते कुणालाच माहीत नाय. पण दर वर्षी द्राक्षांचा पहिला घड आजोबा याच्यासमोर ठेवतात.”

“म्हणजे नैवेद्यच की!”

“आता शहरातलं म्युझियम ते घेऊन जाणार. म्हणून गावाला त्याची हुबेहूब नक्कल हवीय. बाबा म्हणाले, हमरापूरच्या माणसांसारखा साचा कुणी काढत नाय.”

खरं तर साहेबांनी फोटो आणायला हवे होते. पण मोठ्या माणसांना कोण सांगणार? पठ्ठ्याने अस्सल डोकंच बॅगेत घालून आणलं! शनिवारी ते परत न्यायचं होतं. हैबतरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “निर्धास्त राव्हा, साहेब. माझ्याकडून आजवर एक मूर्ती हरवलेली नाय.”

आणि आज गुरुवारी, साच्याचं काम सुरू होताना बघायला साहेब लेकीला घेऊन आले, तर हे असं!

सगळा कारखाना उलथापालथा झाला. साच्यांमागे पाहिलं, पोत्यांमागे पाहिलं, रंगाच्या डब्यांमागे पाहिलं. डोकं नाहीच! हैबतराव घामाघूम झाले. बघता बघता अंगणात शेजारीपाजारी जमले.

“काल रात्री कडी कुणी लावली?” हैबतरावांनी विचारलं.

“मी, शेठ,” बुधा म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते.

“सगळ्यात शेवटी तूच होतास?”

“व्हय.”

“मग डोकं तूच नेलंस! बोल, कुणाला दिलंस? चोर कुठला!”

मैनेला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. बाबा, आणि बुधाकाकाला चोर म्हणाले? बारा वर्षं कामाला असलेल्या बुधाकाकाला?

“मी नाय नेला, शेठ. पोरीची आण घेतो,” बुधा म्हणाला.

“आणाबिना मला सांगू नको. आज संध्याकाळी पाचपर्यंत वस्तू इथं आली नाय, तर तुला पेणला पोलीस ठाण्यात नेऊन उभा करतो!”

सोनी खांबाला टेकून उभी होती. ती रडली नाही. ती सरळ वळली आणि कारखान्यात गेली. मैना, सखा आणि बिर्गिट तिच्यामागे धावले.

“सोने, आमचे बाबा तापट आहेत गं, पण...” सखा चाचरत म्हणाला. त्याला बापाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“ते नंतर. आधी शोधू,” सोनी म्हणाली. “शेठनी डोकं कुठं ठेवलेलं?”

“फळीवर, असं बाबा म्हणतात.”

सोनीने फळी पाहिली. फळीवर प्लास्टरची धूळ बोटभर साचलेली होती. त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत कसलाच ठसा नव्हता.

“हितं काय ठेवलेलंच नाय!” सोनी म्हणाली.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे हैबतराव चुकीचं सांगत होते! मुद्दाम नव्हे, पण विसरले होते. मग चौघं गुडघ्यांवर बसून जमीन तपासत सुटली. बिर्गिटच्या फ्रॉकचं पार पोतेरं झालं. आणि मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात मैना किंचाळली, “इकडे या! इकडे या!”

कोपऱ्यात एक गोल ठसा होता, नारळापेक्षा थोडा मोठा. ठशाभोवती चार-पाच तांदळाचे दाणे पडलेले होते, कुंकवाने लाल केलेले. आणि एक जास्वंदीची पाकळी.

“अक्षता!” सखा चक्रावला. “चोर आधी पूजा करतो आणि मग चोरी करतो?”

“हा कोपरा कसला हाय?” बिर्गिटने विचारलं.

मैना सांगायला लागली, “इथं आम्ही खंडित मूर्ती ठेवतो. म्हणजे तुटलेल्या. नुसती माती असेल तर मोडून परत मळतात. पण एकदा डोळ्यांची आखणी झाली, की ती मूर्ती जिवंत धरतात. मग ती तुटली तर मोडायची नाही आणि घरातही ठेवायची नाही. हात जोडून पाण्यात सोडायची. परवापर्यंत इथं दोन गणपती होते, एकाचा हात...”

मैना मध्येच गप्प झाली. ते दोन गणपतीही तिथे नव्हते!

“तुटक्या मूर्ती कुठला चोर नेईल?” सोनी हळूच म्हणाली.

“पाण्यात सोडायला कोण नेतं?” बिर्गिटने विचारलं.

सख्याच्या तोंडचं पाणी पळालं. “गिरजाकाकू!”

गिरजाकाकू म्हणजे हैबतरावांच्या थोरल्या भावजय. कारखान्यातल्या प्रत्येक मूर्तीचे डोळे त्याच आखायच्या. त्यांच्यासारखा हात अख्ख्या हमरापुरात नव्हता. तीन दिवस तापाने पडून होत्या, त्यामुळे साहेब आले, डोकं आलं, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि ताप उतरताच आज पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने त्या बहिणीकडे गेल्या होत्या, रोह्याच्या अलीकडे अष्टमीला.

“पण काकूंना ते गणपती कसं वाटेल?” मैना म्हणाली.

सोनीने ठशाशेजारी बोटाने मातीत चित्र काढलं. दोन मोठाली पानं. मध्ये बटबटीत डोळे. नाकाच्या जागी तुटलेला खड्डा.

“कान,” ती म्हणाली. “आणि सोंड तुटलेली.”

“अगं बाई!” मैनेने तोंडावर हात ठेवला.

सखा धावत बाहेर गेला. “बाबा, ऐका ना! गिरजाकाकूंनी...”

“काकूंचं नाव घेशील तर थोबाड फोडीन!” हैबतराव कडाडले. “देवमाणूस आहे ती! चला आत, मोठ्यांच्या मध्ये लुडबुड नको!”

बिर्गिटनेही जर्मनमध्ये वडिलांना सांगून पाहिलं. साहेब दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते, स्वतःचं. त्यांनी ऐकलंच नाही.

अकरा वाजून गेले होते. एस.टी.ने गेलं तर पाचच्या आत परत येणं कठीण. अंगणाबाहेर कंपनीची जीप उभी होती आणि चालक महिपतीकाका आंब्याखाली पेंगत होते.

“तुला उलटी करता येते?” मैनेने बिर्गिटला विचारलं.

“नाय गो!”

“नुसती गाल फुगव! आणि पोट धर! बाकी मी बघते!”

बिर्गिटने असे काही गाल फुगवले, डोळे असे काही फिरवले, की खुद्द मैनाही क्षणभर घाबरली. “काका! हिला कसंतरी होतंय! बंगल्यावर गोदूबाईंकडे न्या! आम्ही धरून बसतो!” महिपतीकाका दचकून उठले आणि जीप सुरू झाली. साहेबांनी नुसता हात हलवला. चौघं आत!

पेण गेलं. वडखळचा नाका मागे पडला आणि बिर्गिट ताठ बसली. “काका, उलटी बरी झाली. बंगल्यावर नाय, अष्टमीला चला.”

“काय?” महिपतीकाकांनी जीप कडेलाच घेतली. “मला फसवलंत? नोकरी घालवाल माझी!”

मग सोनी बोलली. जीपमध्ये बसल्यापासून पहिल्यांदाच, आणि एका दमात. “काका, माझ्या बापाला चोर म्हटलाय. पाच वाजता पोलिसांत देनार. त्यानं काय केलेलं नाय.”

महिपतीकाकांनी एकदा घड्याळ पाहिलं, गाडी गिअरमध्ये टाकली आणि म्हणाले, “घट्ट धरून बसा रे पोरांनो!”

नागोठणं केव्हा आलं न् केव्हा गेलं, कळलंच नाही. अष्टमीत बहिणीच्या पडवीत गिरजाकाकू पोह्याचे पापड लाटत बसल्या होत्या. दारात जीप, जीपमधून पोरं, पोरांत एक गोरी मुलगी! काकूंचं लाटणं हातातच राहिलं.

“काकू, कोपऱ्यातल्या मूर्ती तुम्ही आणल्यात?” मैनेने धापा टाकत विचारलं.

“व्हय की. सोडल्या सकाळी नदीत. आपल्याकडचा ओढा कोरडा ठणठणीत, म्हणून हितं आणल्या. तिसरा तर किती जुना दगडी गणपती गो! नुसतं डोकं उरलेलं, सोंड पार गेलेली. कोण आणून टाकून गेला, कोण जाणे. मला इतकं वाईट वाटलं! फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, मगच उचलला.”

“काकू, तो गणपती नव्हता!”

सगळं ऐकता ऐकता काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्या दगडी डोक्यासाठी नव्हे. “बुध्याला चोर म्हटला? माझ्यापायी?” त्या उठल्या, पापड तसेच टाकले आणि अनवाणीच नदीकडे चालू लागल्या. पोरांना त्यांच्यामागे पळावं लागलं.

कुंडलिका नदी घाटापाशी जेमतेम गुडघाभर होती. काकूंनी बोट दाखवलं, “तो काळा खडक दिसतो ना, त्याच्या अलीकडं.”

सोनी सरसर पाण्यात शिरली. तिला हात घालावे लागत नव्हते, ती पायांनी चाचपत होती. दगडाखालची चिंबोरी, म्हणजे खेकडे, शोधताना कातकरवाडीतली पोरं असंच करतात.

“हे दोन गणपती लागले,” ती म्हणाली. “पण डोकं नाय!”

“वाहून गेलं!” बिर्गिटच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाय. हितं वाळूत खड्डा हाय. ताजा. कडासुद्धा ढासळल्या नाय. कुणीतरी हातानं उचललाय!”

आता आली का पंचाईत! चौघं गरागरा इकडेतिकडे बघू लागली. घाटाच्या खालच्या अंगाला एक बाई दणादण गोधड्या धोपटत होती. धोंडुबाई तिचं नाव, काकूंच्या बहिणीची शेजारीण.

“धोंडुबाई, हितला दगड कुणी नेला?” काकूंनी हाक मारली.

“मीच की! माझा धुण्याचा दगड डुगडुगत होता. खाली द्यायला टेकण पाहिजे होतं. हा बरोब्बर बसला बघा!”

पाण्यातल्या रुंद दगडाखालून, साबणाच्या फेसातून, एक बटबटीत डोळा त्यांच्याकडे बघत होता!

बिर्गिटने जी किंकाळी फोडली, ती पलीकडे रोह्यातही ऐकू गेली असेल. अडीच हजार वर्षांचं डोकं! आणि त्याच्यावर दगड आणि दगडावर गोधडी! धोंडुबाईंच्या हातातलं धोपाटणं पाण्यात पडलं आणि भलतीकडेच वाहत निघालं.

“अरे, पाणी बघा!” महिपतीकाका घाटावरून ओरडले. “वरून पाणी सोडलंय! बाहेर या!”

वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिका बघता बघता फुगते, हे रोह्यात शेंबड्या पोरालाही माहीत. घाटाची खालची पायरी दिसेनाशी झाली होती. पाणी सोनीच्या कमरेशी आलं होतं आणि धुण्याचा दगड अर्धा बुडाला होता.

“सोडा तो दगड! बाहेर या आधी!” काकू ओरडल्या.

“माझा बाप?” सोनी तिथूनच म्हणाली.

महिपतीकाकांनी चपला फेकल्या आणि पाण्यात उतरले. त्यांच्यामागे सखा. काकूंनी पदर खोचला आणि सख्याचा हात धरला, काकूंचा हात धोंडुबाईंनी आणि पायरीवर बसून धोंडुबाईंना ओढून धरलं मैना आणि बिर्गिटने. “एक, दोन, तीन!” महिपतीकाकांनी दगड एका बाजूने वर केला. सोनीने श्वास कोंडला आणि खाली डुबकी मारली.

“सोने!” मैना किंचाळली.

क्षणभर नुसतं गढूळ पाणी. मग आधी दोन हात वर आले, हातांत ते डोकं आणि त्यामागून खोकत, नाकातून पाणी काढत सोनी. सख्याने तिची वेणी धरली, दंड धरला आणि सगळी माळच्या माळ घाटावर येऊन कोसळली.

बिर्गिटने डोकं मांडीवर घेऊन सगळीकडून पाहिलं. “पानं ठीक हाय. डोळे ठीक हाय. नाक...” ती थांबली. “नाक आधीच नव्हतं!” आणि मग ती रडता रडता हसायलाच लागली.

काकूंनाही घेऊन जीप हमरापुरात शिरली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. अंगणात सकाळचीच माणसं पुन्हा जमली होती. बुधा आंब्याखाली बसला होता. त्याच्या हातांवरची माती वाळून तडकली होती, ती धुवायलाही तो उठला नव्हता. आणि हूबरसाहेब? लेक दिवसभर कुठे गेली म्हणून त्यांचा जीव अर्धा झाला होता.

“कुठं उलथला होतात?” हैबतराव धावून आले.

मैना पुढे झाली. हातात काकूंच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. “बाबा, आधी एक सांगा. खंडित मूर्ती आपण कुठं ठेवतो?”

“मागच्या कोपऱ्यात. त्याचं आत्ता काय?”

“आणि परवा साहेब गेल्यावर वाशीचा ट्रक आला, घाई झाली, तेव्हा तुम्ही हे कुठं ठेवलंत? आठवा!”

तिने लुगडं सोडलं. साहेबांच्या तोंडून एक जर्मन शब्द बाहेर पडला. हैबतराव डोक्याकडे बघत राहिले, मग कोपऱ्याकडे, मग गिरजाकाकूंकडे.

“अरे देवा!” ते मटकन ओट्यावर बसले. “मीच ठेवलं कोपऱ्यात. ट्रकात माल भरायचा होता... मीच!”

मग काय विचारता! साहेबांनी बिर्गिटला उचललं, सोनीचे दोन्ही हात हातांत घेतले आणि स्वतःच्या छातीवर हात मारून काहीतरी बोलले. बिर्गिटने सांगितलं, “बाबा म्हणतात, अस्सल डोकं आणणारा मीच सगळ्यात मोठा बेफिकीर.” शेजारी सख्याची पाठ थोपटायला लागले. “शाब्बास रे पोरांनो! पोलिसांनाही सुचलं नसतं!” कुणीतरी पेढे आणायला पळालं.

एवढ्या गलक्यात बुधा उठला. त्याने खांद्यावर पंचा टाकला, सोनीला खूण केली आणि दोघं फाटकाकडे निघाली.

“बुधा, अरे कुठं? पेढे येतायत!” हैबतराव म्हणाले.

“घरी जातो, शेठ. उद्यापासून मी येनार नाय.”

मैनेला काही समजेना. सगळं सापडलं होतं ना? मग हे काय?

“अरे पण वस्तू मिळाली की!” हैबतराव म्हणाले.

“वस्तू मिळाली, शेठ. सकाळी चार मानसांत मला चोर म्हटलात, तवा गेलेली अब्रू कुठं मिळाली?”

आयुष्यात हैबतराव कुणासमोर वाकलेले नव्हते. सखा बापाकडे बघत होता, मैना बघत होती आणि गिरजाकाकू तर डोळे वटारूनच बघत होत्या.

हैबतराव उठले. अंगण ओलांडून फाटकाशी गेले. बुधाच्या मातीने भरलेल्या दोन्ही हातांना धरून ते मोठ्याने बोलले, शेवटच्या शेजाऱ्यालाही ऐकू जाईल इतकं मोठ्याने.

“सगळ्यांनी ऐका! बुधा चोर नाय. चूक माझी. मी न बघता, न विचारता तोंड सोडलं. बुधा, मला माफ कर.”

बुधाने सोनीकडे पाहिलं. “तू सांग, पोरी. येऊ का उद्या?”

सगळं अंगण सोनीकडे बघायला लागलं. ओल्या परकराचं टोक पिळत तिने थोडा विचार केला.

“परवा ये, बाबा,” ती म्हणाली. “उद्या सुट्टी घे.”

“घे, घे!” हैबतराव घाईघाईने म्हणाले. “पगारी सुट्टी! डोक्याचा साचा मी काढतो!”